किल्ली अळीच्या पोटात

बाईंच्या घरी दोन मिक्सर होते: लाल झाकणाचा माणसांचा आणि हिरव्या झाकणाचा अळ्यांचा. भाडेकरू म्हणून मी त्यांच्या घरात पाऊल ठेवले, त्या दिवशी त्यांनी मला पाण्याची वेळ सांगितली नाही की भाड्याची तारीख सांगितली नाही. आधी हे दोन मिक्सर दाखवले.

"चटणी चुकून हिरव्यात वाटलीत तर तुम्हाला काही होणार नाही," त्या म्हणाल्या, "पण अळ्यांचं पीठ लालमध्ये फिरवलं, तर मिरचीनं माझी एक पिढी जाईल. बहुधा."

मी तेव्हा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील रंगाच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, नव्याने रुजू झाले होते. तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका तीन मजली सोसायटीत तळमजल्यावर बाईंची जागा होती. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, लग्न केलेले नव्हते, सत्तरी ओलांडली होती, आणि आतल्या खोलीत हरभरा पोखरणाऱ्या घाटेअळ्या वाढवून त्यांना रोगाने मारणे हा त्यांचा दिनक्रम होता. हे वाक्य मी निरनिराळ्या तऱ्हेने लिहून पाहिले. पण वस्तुस्थितीच तशी असल्यामुळे ते आहे तसे ठेवते.

माणसांना त्या नावाने हाक मारीत नसत. ज्याचे जे काम, ते त्याचे नाव. गॅस आणणारा तो सिलेंडर, सोसायटीचे सेक्रेटरी ते सोसायटी, आणि मी, दुसऱ्या दिवसापासून, 'रसायन'. "अगं रसायन, दूध उतू चाललंय," अशी हाक आली की सुरुवातीला मला संकोच वाटे. पुढे कारखान्यात कोणी माझे खरे नाव घेतले की क्षणभर ते दुसऱ्याच कोणाचे वाटू लागले.

दुसरी सवय त्या 'बहुधा'ची. आयुष्यभर शास्त्र शिकवल्यामुळे असेल, पण बाई कोणतेही विधान मोकळे सोडत नसत. "आज ऊन आहे, बहुधा," असे त्या उन्हात उभ्या राहून म्हणत. मी एकदा तापाने पडले होते, तेव्हा पेजेची वाटी हातात घेऊन त्या दिवसभर माझ्या उशाशी बसून होत्या. मी डोळे उघडले की कपाळावर हात ठेवत आणि वर्गात निरीक्षण सांगावे तशा सांगत, "खाणं थांबलंय. रंग उतरलाय. पण वर चढायला लागली नाहीस. म्हणजे वाचशील, बहुधा."

वर चढण्याचा अर्थ मला नंतर कळला. आतल्या खोलीत फळीवर फळी लावून खोकल्याच्या औषधावर येणारे मापाचे छोटे कप मांडलेले असत. साऱ्या सोसायटीतील खोकला बाईंच्या उपयोगी पडत असे; कोणाचे पोर बरे झाले की तो कप धुऊन बाईंकडे पोहोचता होई. प्रत्येक कपात चण्याच्या पिठाची एक वडी आणि एकच अळी. "एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात," बाई सांगत. "सकाळी एकच उरते, आणि तिलाही काही वाईट वाटलेलं दिसत नाही. आमची स्टाफरूम तशीच होती." वडीवर त्या रोगाच्या पाण्याचा एक थेंब टाकीत. काही दिवसांत अळी फिकी पडे, खाणे सोडे आणि कपाच्या भिंतीने वर वर चढू लागे. शेतात असती तर झाडाच्या शेंड्यावर गेली असती. तिथे ती पायांनी धरून उलटी लोंबकळे आणि मरे. मग कातडी फाटून आतले काळे पाणी गळे. तेच पाणी बाई मलमलीच्या फडक्यातून गाळून बाटलीत भरीत आणि फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवीत. त्याला वास येई. पण बोईसरच्या हवेत आधीच इतके वास असतात की या एकाची कोणी वेगळी दखल घेतली नाही.

त्या काळ्या पाण्यात काय होते, ते पाहिल्याशिवाय बाईंच्या घरातून कोणाची सुटका नसे. इतरांच्या जेवणाच्या टेबलावर फळांची परडी असते, तिथे त्यांचा सूक्ष्मदर्शक होता. सिलेंडरने वजन खाली ठेवले की त्याला आधी त्याच्यापुढे बसवले जाई. "माताजी, यह क्या है?" तो दर महिन्याला विचारी आणि बाई दर महिन्याला सांगत, "ताला है. चाबी कीड़े के पेट में." तो नमस्कार करून पावती फाडी.

घिवलीहून एक मासळीवाली येत असे. बोंबील, करंदी, कधी ओली मांदेली. तिला पहिल्यांदा बसवले तेव्हा मी तिथे होते.

"बाय, मावरा घेतां का नाय तां सांगा," ती म्हणाली, "मला पुडच्या बिल्डिंगीत जायाचा हाय."

"घेते ना. आधी एक डोळा मीट आणि यातून बघ."

"डोला मिटून बघू? तुमी बी काय!" पण ती वाकली. मग म्हणाली, "मीठ हाय. आगराचा. चकचकतंय कसा!"

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी टोपलीतले सगळे बोंबील घेतले. आम्ही ते तीन दिवस खाल्ले. "अगं, पदवीच्या पोरांना सांगावं लागायचं की हे स्फटिक आहेत," त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "हिनं एका नजरेत ओळखलं!" आणि मासळीवालीला त्यांनी विचारले, "मीठ पाण्यात टाकलं तर?"

"इरगलेल."

"हे नाही विरघळत. पाण्यात नाही, पावसात नाही, मातीत वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी नाही."

"मग कोनच्या कामाचा? कालवणात टाकला तर लागायचा बी नाय," असे म्हणून ती टोपली उचलून गेली.

कोणत्या कामाचे, ते बाई मला संध्याकाळी सांगत. अळ्यांचा तो रोग विषाणूचा, आणि विषाणू हा जीव तसा दुबळा. उघडा पडला की संपला. म्हणून अळीला मारता मारता तो तिच्याच पेशींकडून एक प्रथिन ढिगाने बनवून घेतो. त्या प्रथिनाचे कण एकमेकांशेजारी इतक्या शिस्तीने बसत जातात की त्यांचा स्फटिक होतो, आणि काडीसारखे विषाणू त्या स्फटिकात जागोजागी गाडले जातात. मी एकदा म्हटले, "म्हणजे भिंतीत चिणल्यासारखे." बाईंना ती उपमा पसंत पडली नाही. "विटांच्या मध्ये सिमेंट लागतं," त्या म्हणाल्या. "इथे मध्ये काही नाही. इथे विटेलाच हात आहेत. तीन-तीन कण एकमेकांना बिलगतात आणि प्रत्येकाचा एक हात शेजारच्या तिघांत जाऊन अडकतो. कुणी कुणाला सोडत नाही." हे सांगताना त्या स्वतःचे दोन्ही हात एकमेकांत असे गुंतवीत की पुढे चहाचा कप उचलायचा असला तरी ते सोडवायला त्यांना वेळ लागे.

याच सुमारास सेक्रेटरी आले. साथीची वर्षे नुकतीच सरली होती आणि तो एक शब्द लोकांना अजून सोसत नव्हता.

"बाई, आमच्या कानावर आलंय," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "की तुम्ही घरात व्हायरस पाळता."

"पाळते ना. या, चहा टाकतेय."

"अहो, चहा काय! लहान मुलं आहेत बिल्डिंगमध्ये."

"त्यांचेच तर कप वापरते. सोसायटी, तुम्ही परवा कोबीची भाजी खाल्लीत?"

"खाल्ली असेल. त्याचं काय?"

"कोबीच्या पानावर असल्या अळ्यांचे असले स्फटिक असतातच. आत्तापर्यंत तुम्ही अगणित खाल्लेत. तुमचं पोट आंबट, तिथे हे कुलूप उघडत नाही; आले तसे जातात. तुम्ही अळी असतात तर मात्र काळजी होती." मग त्यांच्याकडे नीट पाहून त्या म्हणाल्या, "नाही आहात. बहुधा."

सेक्रेटरी चहा घेऊन गेले. सूक्ष्मदर्शकात पाहूनही गेले.

पण बाईंचे शिकवणे मी खऱ्या अर्थाने पाहिले ते मनोरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरच्या शाळेत. विज्ञानाचे काही सांगा म्हणून तिथल्या गुरुजींनी त्यांना बोलावले होते. सुट्टी होती, म्हणून चिल्हार फाट्याच्या एस.टी.त मीही बसले. बाईंनी फळ्याला हात लावला नाही. सगळ्या मुलींना अंगणात घेतले आणि तीन-तीनचे घोळके केले. नाचात कमरेमागून हात घालतात तसे तिघींनी एकमेकींना धरायचे आणि प्रत्येकीने एक हात मोकळा ठेवून तो शेजारच्या घोळक्यात घट्ट अडकवायचा. बघता बघता अंगणभर मुलींची एक वीण तयार झाली. तिच्या मधोमध त्यांनी शाळेचे दोन खराटे उभे खोवले. "हे विषाणू," त्या म्हणाल्या. मग मुलग्यांना सांगितले, "ओढा खराटे." मुलग्यांनी ओढले, गुरुजींनीही हात लावून पाहिला. खराटे जागचे हलले नाहीत.

"आता पोरींनो, सगळ्यांनी एकदम शेजारणीला गुदगुल्या करायच्या. एक, दोन..."

तीन म्हणायची गरज पडली नाही. सारे अंगण खिदळत कोसळले, हात सुटले आणि खराटे धुळीत पडले.

"हे अळीच्या पोटात होतं," त्या गदारोळात बाई ओरडून सांगत होत्या. "आंबटानं नाही, पाण्यानं नाही. अळीचं पोट साबणाच्या पाण्यासारखं असतं. तिथं गेलं की प्रत्येक कण दुसऱ्याला दूर ढकलतो, आणि कुलूप उघडतं! विषाणू बाहेर!"

मुलीला न्यायला आलेली एक बाई कुंपणाशी उभी राहून हे सारे पाहत होती. तिचे नाव लखमी. ती हसत नव्हती. पोरी पांगल्यावर ती बाईंजवळ आली.

"बाय, ही दवा हरभऱ्याच्या अळीला लागू पडेल का?"

"तिच्यासाठीच आहे. तुझा हरभरा आहे?"

"वढ्याच्या कडेला जरासा हाय. दर साली पेरतो, आनि दर साली अळी खाते. मग भट्टीवर जातो."

भट्टी म्हणजे विटांची. भात निघाले की पाड्यावरची बरीच घरे कुलूप लावून तिकडे जात ती पावसाच्या तोंडाशी परतत. पोरे सोबत जात. शाळा मागे राहत असे. लखमीची मुलगी सहावीत होती, आणि मघाचा एक खराटा तिनेच उराशी कवटाळून धरला होता.

परतण्यापूर्वी बाई लखमीच्या अंगणात बसल्या आणि तिच्या नवऱ्याला, जान्याला, म्हणाल्या, "यंदा भट्टीवर जाऊ नका. हरभरा पेरा आणि थांबा. अळीचं मी बघते."

मी वाट पाहिली. त्यांनी 'बहुधा' म्हटले नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात बोलण्याचा दुसरा विषय नव्हता. कप वाढले, फ्रिजमधली बाटली भरत आली. दर आठवड्याला बाई पाड्यावर जाऊन येत. एकदा त्यांनी लखमीला ओढ्यावरून डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढताना पाहिले. फवारणीला लागणारे पाणी असेच वर न्यायचे, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्या अस्वस्थ झाल्या. स्वतःच्या खर्चाने त्यांनी शेताच्या बांधावर सिमेंटची एक छोटी टाकी बांधून घेतली, ओढ्याच्या वरच्या अंगापासून नळी टाकून घेतली. गवंड्याचे काम संपते न संपते तोच घाट्यांत, कोवळ्या शेंगांत, बारीक अळ्या दिसल्याचा जान्याचा फोन आला. गवंड्याने टाकी पक्की व्हावी म्हणून पाणी भरून ठेवले होतेच. बाई हरखून म्हणाल्या, "बघ रसायन, पाणी आपल्याआधी पोहोचलंय."

सुट्टीच्या दिवशी आम्ही दुपारीच गेलो. टाकीतले पाणी पिंपात घेतले, त्यात काळे औषध मिसळले, अळीला गोडी लागावी म्हणून गूळ आणि उन्हाचा त्रास कमी व्हावा म्हणून थोडी कपड्यांची नीळ घातली. उन्हात फवारून उपयोग नसतो. म्हणून गूळ विरघळेपर्यंत पिंप झाकून ठेवले आणि सूर्य कलल्यावर लखमी नि जान्या पाठीवर पंप घेऊन ओळींतून फिरले. बाई बांधावर बसून पाहत होत्या. लेकीची पाठवणी करून यावे तसा त्यांचा चेहरा परत येताना दिसत होता.

मग वाट पाहणे सुरू झाले. पाच-सहा दिवसांत शेंड्यांवर अळ्या लोंबकळलेल्या दिसायला हव्या होत्या. बाई रोज फोन करीत. "दिसली का एखादी उलटी?" नाही. "फिकी?" नाही. आठवडा उलटल्यावर जान्या म्हणाला, "बाय, अळी जाड झाली. तुमच्या गुळाचा पानी मानवला तिला." त्याच्या स्वरात अजून थट्टा होती, पुढच्या वाक्यात ती नव्हती. "सोमवारी मुकादमाचा ट्रक येतंय. आमी जावं म्हणतो."

बाईंनी फोन ठेवला, फ्रिजमधली बाटली काढली, तळाशी उरलेल्या औषधातला एक थेंब काचेवर घेतला आणि पाहिला. स्फटिक होते, नेहमीसारखे लखलखत होते. "औषध चांगलं आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा अधिकच उतरला. औषध वाईट निघाले असते तर प्रश्न सुटला असता.

शनिवारी मी रजा घेतली आणि आम्ही पाड्यावर गेलो. लखमी आम्हांला पाहून उठली नाही. पायरीवर बसून ती खालमानेने म्हणाली, "बाय, माजाच काय चुकला असल."

"तुझं काय चुकणार?"

"काय म्हाईत. मी पंप नीट हलवला नसल. पन हात सोच्च धुतले होते बाय. साबण लावला नव्हता, तुमी नको म्हनलेलां. त्या टाकीचा पानीच साबणावानी. हाताला बुळबुळीत लागं."

बाई उठून तडक शेताकडे चालू लागल्या, इतक्या वेगाने की मला धावावे लागले. पिंपाच्या तळाशी राहिलेले निळसर पाणी त्यांनी बाटलीत घेतले. मग टाकीशी वाकल्या. पाण्यावर पातळ पांढरी साय धरली होती.

"तुझ्या पर्समध्ये पीएचच्या पट्ट्या असतात ना?"

असतात. मी एक काढून पाण्यात बुडवली. पट्टी गडद निळी झाली.

नवे सिमेंट पाण्यात चुना सोडते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ते पाणी अळीच्या पोटापेक्षाही तीव्र अल्कधर्मी होते. दुपारपासून सूर्य कलेपर्यंत त्या पिंपात एकेक स्फटिक उघडत, विरत गेला असणार, आणि संध्याकाळी आम्ही हरभऱ्यावर शिंपडले ते मेलेल्या विषाणूंचे गोड निळे पाणी. शाळेत सूक्ष्मदर्शक होता; बाईंनी तळाचे पाणी त्याखाली धरून खात्री करून घेतली. मी त्यांच्या मागे उभी होते. त्या फार वेळ वाकून राहिल्या. मग सरळ होऊन म्हणाल्या, "काही नाही तिथे. स्वच्छ."

शाळेपासून लखमीच्या घरापर्यंतची पायवाट लांब नाही. त्या वाटेवर मी त्यांना म्हटले, की इतके सगळे तपशील आज सांगण्याची कदाचित गरज नाही. हवा, अळीचे वय, अशी आणखीही कारणे असू शकतात. त्यांनी माझ्याकडे पाहिले ते रागाने नव्हे, थोड्या आश्चर्याने. "अगं, तिला वाटतंय तिचं चुकलं," त्या म्हणाल्या.

अंगणात जान्या होता, शेजारची दोन-चार माणसेही जमली होती. बाई खाटेवर बसल्या नाहीत.

"लखमी, तुझं काही चुकलं नाही. जान्याचंही नाही. नव्या सिमेंटच्या पाण्यात कुलूप आधीच उघडलं. अळीपर्यंत औषध पोहोचलंच नाही. टाकी मी बांधली, पाणी त्यातलं घ्या असं मी सांगितलं. चूक माझी आहे."

कोणीतरी हसले. जान्या हसला नाही.

"म्हंजे टाकी बांदली तीच वाईट?"

"टाकी चांगली आहे. चार-दोनदा पाणी बदललं असतं तर काही झालं नसतं. मला थांबायला हवं होतं."

"आमाला थांबा म्हनलां," जान्या म्हणाला, "आनि तुमीच नाय थांबलां."

"हो," बाई म्हणाल्या.

त्या एका अक्षराला जोडून काहीतरी बोलावे म्हणून मी शब्द शोधत होते. त्यांना स्वतःला ते लागले नाहीत. मग त्यांनी पुढचे सांगितले. मोठ्या झालेल्या अळ्या औषधाने मरायला वेळ घेतात, तोवर घाटे संपतील. त्या हाताने वेचाव्या लागतील. बारीक आहेत त्यांच्यासाठी घरी थोडे औषध आहे, ते ओढ्याच्या पाण्यातून फवारता येईल. "किती वाचेल ते मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारी ट्रक आला तर तुम्ही जा. मी पुन्हा थांबा म्हणणार नाही. मी उद्या येऊन वेचायला लागते."

आणि रविवारी दव असतानाच त्या शेतात होत्या. सोबत खोकल्याच्या कपांनी भरलेली पिशवी. हरभऱ्याच्या ओळीत फतकल मारून बसायचे, एकेक फांदी उलटून पाहायची, अळी चिमटीत धरायची, तिची लांबी डोळ्यांनी मोजायची आणि तिला स्वतंत्र कपात ठेवून झाकण लावायचे. हरभऱ्याच्या पानांवर धरणाऱ्या आंबट आंबेने त्यांची बोटे चिरली होती. लखमी आणि मुलगी दुसऱ्या टोकापासून येत होत्या. मी मधल्या ओळीत होते. जान्या बांधावर उभा राहून बिडी ओढत होता.

"बाय, एकेक अळीला घर देतां काय?"

"डब्यात एकत्र टाकल्या तर एकमेकींना खातील."

"खाऊं द्या ना! तोच तर पायजे!"

लखमीने तोंडाला पदर लावला. बाईंनी मात्र प्रश्न गंभीरपणे घेतला. "मेलेल्या मला उपयोगाच्या नाहीत. यांना घरी नेऊन औषध चारते. प्रत्येकीतून पुढच्या फवारणीचं औषध निघेल. बहुधा."

"या हिशोबानं शिमगा येल," असे म्हणून जान्या घराकडे गेला. आतून बोचकी बांधल्याचा, भांडी एकात एक घातल्याचा आवाज दिवसभर येत होता.

पुढचे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाचा गैरसमज व्हायला नको. हरभरा निम्म्याहून थोडा अधिक हाती आला. चमत्कार झाला नाही. आजूबाजूच्या पाड्यांनी ते औषध लगेच स्वीकारले, असेही नाही; काहींनी पुढल्या वर्षी मागितले, काहींनी 'गूळपाण्याची बाय' म्हणून चेष्टा केली आणि बाईंनी ते नाव आनंदाने घेतले. दोन वर्षांनी पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले आणि भाची त्यांना नाशिकला घेऊन गेली. तिथेच त्या गेल्या. मी आता त्याच जागेत राहते. त्यांच्याविषयी लिहावे असे पुष्कळदा मनात आले; माझा हात अहवालाचा, म्हणून धीर झाला नाही. लिहायला बसले की एवढे सगळे आठवते, आणि शेवटी पुन्हा त्या सोमवारपाशीच येऊन थांबते.

सोमवारी आम्ही उजाडताच पोहोचलो. बाई आदल्या दिवशी जिथे थांबल्या होत्या, तिथून पुढे वेचू लागल्या. पाठ रस्त्याकडे. थोड्या वेळाने वळणावर ट्रक येऊन उभा राहिला. मुकादमाने दोनदा हॉर्न वाजवला. पाड्यातून माणसे निघाली. बोचकी, कोंबड्यांची खुराडी, अंगावर गोधड्या घेतलेली पोरे. मी हात थांबवून पाहत होते. बाई पाहत नव्हत्या. त्यांची चिमूट एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जात होती, पण कपात मात्र बराच वेळ काही पडले नव्हते.

जान्या बोचके घेऊन रस्त्यापर्यंत गेला. मुकादमाशी त्याचे काही बोलणे झाले. वाऱ्यामुळे शब्द कळले नाहीत. मुकादम हातवारे करीत होता. जान्याने बोचके खाली ठेवले, पुन्हा उचलले. मग ट्रकचे फळकूट वर चढवून कडी घातल्याचा आवाज आला, इंजिन सुरू झाले आणि धूळ शेतापर्यंत आली.

धूळ खाली बसेपर्यंत बाई फांद्या उलटत राहिल्या.

"गेला ट्रक?" त्यांनी विचारले.

"गेला."

"आणि ती मंडळी?"

लखमी आणि मुलगी वरच्या बांधावरून उतरत होत्या. बोचके बांधावर ठेवलेले होते. जान्याने पायातल्या चपला काढून कडेला ठेवल्या, बाईंच्या मागच्या ओळीत तो उकिडवा बसला आणि पहिली फांदी उलटून पाहू लागला. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. हाताला लागलेली अळी धरून तो क्षणभर इकडेतिकडे काही शोधत राहिला, मग हात पुढे करून म्हणाला, "बाय, एक कप द्या."

बाईंनी मान वळवली नाही. पिशवीत हात घालून त्यांनी एक कप मागे दिला. मग चष्मा काढून तो पदराने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि पुढची फांदी हातात घेतली.